घंटीच्या पुढची साक्ष

मला बसवत नाही. लहानपणापासूनच नाही. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. कौतुकानं म्हणायची की वैतागून, ते तिलाच ठाऊक. जेवताना मी दोनदा उठते, फोनवर बोलताना घरभर फिरते, आणि शाळेत शिकवायला लागल्यापासून वर्गातल्या खुर्चीला मी कधी पाठ टेकलेली नाही. उपासनेत मात्र बसावंच लागतं, आणि तिथे माझी फार पंचाईत होते.

माझं माहेर नगरकडचं. आजोबांच्या वेळेपासून आम्ही ख्रिस्ती. तिकडे दगडी चर्च, लांबलचक बाकं, झगा घातलेले पाळकसाहेब. लग्न होऊन नवीन पनवेलला आले तेव्हा आमची मंडळी रविवारी एका लग्नाच्या हॉलमध्ये वरच्या मजल्यावर जमायची. शनिवारच्या पार्टीची थर्माकोलची अक्षरं भिंतीवर तशीच असायची. पास्टर पापक्षमेवर बोलत आणि त्यांच्या डोक्यामागे कुणाचा तरी पहिला वाढदिवस चमकत असे. दुपारी हॉल पुढच्या पार्टीला द्यायचा म्हणून बाराच्या आत सगळं आवरावं लागे. हॉलचा माणूस साडेअकरापासूनच दारात येऊन घसा खाकरायचा.

त्यामुळेच घंटी आली. आमच्यात प्रवचनाआधी साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. कुणाची बदली थांबलेली असते, कुणाचा मूतखडा पडलेला असतो. कमिटीनं ठरवलं, प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटी. ती वाजवायचं काम माझ्या नवऱ्याकडे आलं. तो जासईला कंटेनरच्या एका यार्डात नोकरीला. कुठला डबा कधी आत आला आणि कधी बाहेर गेला, याच्यावर त्याचा दिवस चालायचा. वेळ पाळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. टेबलावर ठेवून वरून दाबायची, टिंग वाजणारी घंटी त्यानं कुठूनशी पैदा केली. मी खूश होते. माझं चाललं असतं तर मी तीनची दोन केली असती.

घंटी सगळ्यांत जास्त वाजायची ती आजींवर. त्या कोळणी. माहेर करंज्याचं, सासर उरणजवळच्या मोऱ्याचं. नवरा मोऱ्याच्या लाँचीवर खलाशी होता. तरुणपणीच दोघं विश्वासात आली, म्हणजे ख्रिस्ती झाली होती. नवरा गेल्यावर त्या मुलाकडे, जुन्या पनवेलला राहायला आल्या. मुलगा बंदरात कामाला. तो त्यांना स्कूटरवर आणून सोडायचा आणि स्वतः सगळ्यांत मागे, दाराजवळ बसायचा.

आजींची साक्ष एकच. महिन्यातून एकदा तरी त्या उठायच्या, पदर सारखा करायच्या आणि सुरू व्हायच्या. "मी तवा मोऱ्याला रहायची. मालक लाँचीवर." पोराचा घसा धरला. दर्या खवळलेला, लाँच बंद, म्हणून मुंबईला नेता येईना. मग उरणहून पनवेलची एसटी धरली. जासईला रस्त्यावर पाणी आलं, एसटी उभी राहिली. पोराला पदरात गुंडाळून आजी उतरल्या आणि मिठागराच्या कडेकडेनं चालत सुटल्या. पोर घुसमटायला लागलं. मिठाच्या एका ट्रकनं त्यांना वर घेतलं. "तवा मी त्याला असा वर उचलला, आनि प्रभूला बोलली, हे लेकरू तुझा हाय."

टिंग.

"स्तुती असो!" सगळा हॉल एकदम म्हणायचा. टाळ्या व्हायच्या. मागे दाराजवळ बसलेल्या त्यांच्या मुलाकडे माना वळायच्या, कारण ते लेकरू तोच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो बिचारा खाली बघायचा. आजी क्षणभर उभ्या राहायच्या, मग बसायच्या. ती साक्ष आम्हाला इतकी पाठ होती की ट्रक आला की लोक टाळ्यांसाठी मांडीवरचं बायबल बाजूला ठेवायचे. मीही ठेवायची.

दोन हजार सहा-सात साल असेल. मला तिसऱ्यांदा दिवस गेले. आधीची दोन राहिली नव्हती. या वेळी डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि सांगितलं, आता पलंगावरून उतरायचं ते फक्त बाथरूमपुरतं. पलंगाच्या पायाकडच्या बाजूला विटा लावल्या. डोकं खाली, पाय वर. सगळं जग माझ्याकडे घसरत येतंय, असं वाटायचं. मला, जिला पाच मिनिटं बसवत नाही, तिला महिनोन्महिने पडून राहायचं होतं. छताच्या पंख्यावरची धूळ मी इतकी बघितली की तिचा आकार अजून काढून दाखवीन. मोबाइलवर साप खेळायची, तो भिंतीला आपटून मरायचा, पुन्हा खेळायची. लाइट गेली की पंखा थांबायचा आणि मग घामात पडून पोटाला कान द्यायची. कान पोटापर्यंत पोचत नाही, पण मी मात्र सारखी ऐकत असायची.

नवरा सकाळी डबा भरून, पाण्याच्या बाटल्या हाताशी ठेवून जासईला जायचा. मी एकटी पडू नये म्हणून भगिनी मंडळानं पाळी लावली. रोज दुपारी मंडळीतली एक वयस्कर बाई, आमच्यात सिस्टर म्हणतात, यायची. हेतू चांगला होता, हे मी तेव्हाही मानत होते आणि आजही मानते. पण त्या दुपारी आठवल्या की अजून माझ्या पिंढऱ्या शिवशिवतात.

प्रत्येक जण खुर्ची ओढून बसायची, माझ्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि मग साक्ष. एकीला डॉक्टरांनी मूल होणार नाही असं सांगितलं होतं. तिचा मुलगा आता दुबईला. एकीला माझ्यासारखंच झालं होतं, तिनं उपास धरला. मुलगी नर्स आहे, दरवर्षी लंडनहून येते. एकीनं तर पर्समधून नातवाचा फोटो काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "फक्त विश्वास ठेव. थोडाही संशय आणू नकोस." मी मान हलवायची. त्या गेल्या की उशीत तोंड खुपसून ओरडायची. म्हणजे आधीची दोन गेली ती माझ्या संशयानं? दुबईवाल्याच्या आईला संशय आलाच नव्हता कधी? मला सारखं वाटायचं, ज्यांचं झालं त्यांच्याच साक्षी होतात. ज्यांचं झालं नाही, त्या बायका कुठे बसतात? आमच्याच हॉलमध्ये बसत असतील, शेजारच्याच खुर्चीवर, आणि टाळ्या वाजवत असतील.

आजींचं नाव त्या पाळीत नव्हतं. त्या फार लांबण लावतात, असं मंडळाच्या सिस्टरनं हळूच सांगितलं होतं. एका दुपारी त्या आपणहूनच आल्या. मुलानं खाली सोडलं होतं. हातात सुके बोंबील, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. त्या वासानं मी तोंड फिरवलं. "तुला वास लागतंय," त्या म्हणाल्या आणि पुडी गॅलरीत ठेवून आल्या. खुर्चीकडे त्यांनी बघितलंही नाही. पलंगाच्या खालच्या टोकाला, विटांशेजारी जमिनीवर बसल्या आणि वर चढवलेले माझे पाय दाबायला लागल्या. कपाळावर हात नाही, प्रार्थना नाही. कोलिमाचा, त्या बारीक सुकटीचा, भाव काय झालाय, सून पोळ्या कशा जाड करते, असलं काहीबाही बोलत राहिल्या.

मला कंटाळा आला होता आणि खोड काढायची लहर आली. मी म्हटलं, "आजी, तुमची साक्ष सांगा ना. इथं घंटी नाही."

त्या हसल्या. मग खरंच सांगायला लागल्या. मोरा, लाँच, एसटी, जासई, मिठागर. ट्रक आला. "हे लेकरू तुझा हाय," त्या म्हणाल्या, आणि मी सवयीनं, चेष्टेत म्हटलं, "स्तुती असो."

आजी पाय दाबायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "पनवेलचा स्टँड दिसायला लागला, तवा ते गार झाला."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कोण गार झालं?"

"पोर गो. माझ्या मांडीवर."

"मग हे स्कूटरवाले?"

"तो मागनं झाला. चार वर्सांनी."

मी कोपरावर उठले. उठायची मनाई होती, तरी उठले. इतकी वर्षं सगळी मंडळी एका मेलेल्या मुलासाठी टाळ्या वाजवत आली होती. त्या स्कूटरवाल्या माणसाला लोक हात मिळवून सांगायचे, तुम्ही म्हणजे चालता-बोलता चमत्कार. आणि तो हो म्हणायचा.

"तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगाया जाते तं घंटी वाजते. आनि घंटीच्या आधीपन, पास्टर बोलायचे, आजी बसा आता. सगली इतकी खूश झालेली असतात. त्यांचा मन कसा मोडायचा?"

आणि मग मला राग आला. असा राग, की कानशिलं तापली. मी म्हटलं, "पण मला कशाला सांगता? माझ्या पोटात बाळ आहे. मला हे ऐकायचं नाहीये. तुम्हाला कळत कसं नाही?"

आजींनी माझ्या पायांवरून चादर सारखी केली. "तुला दुसरा कोनी नाय सांगनार, बाय," म्हणाल्या. "म्हून सांगितला." आणि बोंबलांची पुडी उचलून खाली निघून गेल्या.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला. त्याला मुलाचं ऐकून धक्का बसला, पण त्याहून जास्त तो चिडला. "गरोदर बाईला असं सांगतात? उद्यापासून त्यांना येऊ द्यायचं नाही." मग थोड्या वेळानं, हातपाय धुऊन आल्यावर म्हणाला, "जासईला कुठे म्हणाल्या?" मी म्हटलं, मिठागराच्या कडेला. "आता तिथं मिठागर नाही," तो म्हणाला. "सगळे डबेच आहेत." त्या रात्री तो फारसं जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. किल्ली शेजारणीकडे असायची. तिनंच दार उघडलं. आजी. हात रिकामे. मी त्यांना घालवून द्यायचं ठरवून ठेवलं होतं, वाक्यं जुळवून ठेवली होती. त्या जमिनीवर बसल्या, पाय हातात घेतले, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"मग तुम्ही काय केलंत? दुसऱ्या दिवशी?"

कारण रात्रभर माझ्या डोक्यात तेच होतं. मूल गेल्यावर बाई दुसऱ्या दिवशी उठून काय करते? आमच्या आधीच्या दोन वेळी मी काय केलं होतं, ते मला आठवत नव्हतं. शाळेत गेले होते, इतकंच. दुबईवाल्याच्या आईला हे विचारून उपयोग नव्हता.

"भात रांधला," आजी म्हणाल्या. "मालक लाँचीवरनं आलं, त्यांना जेवायला लागतंय. चुलीत फुंकत होती, आनि तोंडानं शिव्या देत होती."

"नवऱ्याला?"

"प्रभूला."

मी हसले. किती दिवसांनी. पोट धरून हसायचं नाही म्हणून ओठ दाबून हसले. आजीही हसल्या. मग म्हणाल्या, की त्यानंतर वर्षभर त्या चर्चमध्ये जायच्या, पण तोंड उघडायच्या नाहीत. गाणं सुरू झालं की दात आवळून उभ्या राहायच्या. "बाजूला एक म्हातारी असायची, हेटवण्याकडची. तिचापन कोनी गेलेला. ती मना काय बोलली नाय कदी. पन माझ्या वाटचा तीच गायची. जोरात. दोघींचा."

"आणि मग?"

"मंग एक दिवस तोंड उघडला."

"का? काय झालं?"

आजींनी विचार केला. मी वाट पाहिली. इथे काही तरी येणार, स्वप्न, वचन, निदान आवाज तरी. "काय नाय झाला," त्या म्हणाल्या. "ती म्हातारी खोकत होती त्या दिवशी."

त्यानंतर आजी रोज येत राहिल्या. नवऱ्यानं त्यांना अडवलं नाही. मंडळाच्या पाळीच्या सिस्टरही यायच्या. आजी जमिनीवर, त्या खुर्चीवर. मी आजींना हवं ते विचारायची. देव आहे असं वाटतं का खरंच? वाटतं. मग त्यानं का नेलं? "ते मी त्याला इचारलाय. अजून बोलला नाय." इतक्या सहज, जणू तो कुणी शेजारीच आहे आणि उत्तर द्यायचं विसरलाय. त्यांच्या बोलण्यानं माझी धास्ती गेली, असं नाही. उलट वाढली. पूर्वी मी फक्त ऐकत असायची, आता मला कळत होतं की मी काय ऐकतेय. पण त्या धास्तीत मी एकटी नव्हते, आणि तेवढ्यानं दुपारी ढकलल्या जात होत्या.

सातवा लागायच्या आधीच टाका सुटला. सकाळची वेळ होती, दूधवाला जिना चढत होता. रिक्षा, दवाखाना, पाठीखाली गार रबर. मुलगी होती. ती रडली नाही. नर्सनं तिला कापडात गुंडाळून दाखवलं, आणि मला आठवतं ते एवढंच, की तिची बोटं लांब होती, माझ्या आईसारखी.  

घरी आल्यावर लोक आले. "प्रभूची इच्छा." "अजून वय गेलेलं नाही." "त्याची योजना आपल्याला कळत नाही." नातवाचा फोटो दाखवणाऱ्या सिस्टरला माझ्याकडे बघवेना, ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, आणि त्या दिवशी मला ती पहिल्यांदा आवडली. आजी आल्या, गॅसजवळ गेल्या आणि भात लावला. ताटात वाढला. मी जेवले. शिव्या दिल्या का, ते त्यांनी विचारलं नाही. मी दिल्या होत्या.

पलंगाखालच्या विटा नवऱ्यानं काढल्या तेव्हा मी मोकळी झाले. म्हणजे चालायला मोकळी. मग मी थांबेचना. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. भाजीला म्हणून निघायची आणि स्टेशनपर्यंत जाऊन पिशवी रिकामीच घेऊन परत यायची. छाती दुधानं भरून यायची, ब्लाउज ओला व्हायचा आणि मी अजून भराभर चालायची.  नवराही जासईहून उशिरा येऊ लागला. एकदा मी चिडून विचारलं, तर म्हणाला, "काम संपल्यावर यार्डाच्या मागे थोडा चालतो." पूर्वी मिठागर होतं ते तिकडेच.

मग एका रविवारी मी हॉलमध्ये गेले. श्रद्धेनं वगैरे नाही. घरात चालून चालून फरशी पुरेना, म्हणून गेले. नवरा पुढे टेबलाशी, घंटीपाशी. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या लोकांनी मोकळ्या सोडल्या होत्या.  भिंतीवर कुणाच्या तरी साखरपुड्याची सोनेरी अक्षरं होती. साक्षीची वेळ झाली. एका ब्रदरची मुलगी परीक्षा पास झाली होती. एकाला फ्लॅटचा ताबा मिळाला होता. मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. पर्स खांद्याला, पुढच्या टाळ्यांना निघायचं, असं ठरवून.

आजी उठल्या. पदर सारखा केला. "मी तवा मोऱ्याला रहायची. मालक लाँचीवर."

हॉलभर ओळखीचं हसू पसरलं. लाँच बंद झाली. एसटी थांबली. ट्रक आला, आणि लोकांनी बायबलं बाजूला ठेवली. "हे लेकरू तुझा हाय," आजी म्हणाल्या.

नवऱ्याचा हात सवयीनं खाली आला होता. टिंग. त्यानं लगेच हात मागे घेतला, चटका बसावा तसा, पण वाजायचं ते वाजलं होतं. "स्तुती असो!" टाळ्या झाल्या. दाराजवळच्या मुलाकडे माना वळल्या. आजी क्षणभर उभ्या राहिल्या आणि बसायला खुर्चीचा दांडा धरला.

"आजी, बसू नका," मी म्हटलं. मी कधी उभी राहिले, ते मला कळलं नाही. आवाज वर्गात लावते तसा लागला. "पुढचं सांगा."

टाळ्या थांबल्या. पास्टर माझ्याकडे बघत होते, मग माझ्या नवऱ्याकडे. तो म्हणाला, "सांगा आजी." आणि घंटी उचलून त्यानं खाली ऑफिसच्या बॅगेत टाकली. ती आत पडताना पुन्हा एकदा वाजली.

आजींनी माझ्याकडे बघितलं. "पुढं काय," त्या म्हणाल्या. "पोर गेला माझा. ट्रकमदीच. हा मागं बसलाय तो दुसरा." मुलानं या वेळी मान खाली घातली नाही. "मी लय वर्सांपासून सांगाया बघतंय. प्रभूनं माझा ऐकला नाय. कशापायी, ते मना अजून ठावं नाय. मी त्याला लय शिव्या दिल्या. आनि तरीपन मी हितं येते. त्याला सोडून कुठं जाऊ? एवढीच माझी साक्ष हाय."

 हॉलचा माणूस दारात आला होता, पण खाकरला नाही. पुढून तिसऱ्या रांगेत, नातवाचा फोटो दाखवणारी सिस्टर ओढणीत तोंड लपवून रडत होती. तिचंही कुणी गेलं होतं की काय, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नव्हतं.

"स्तुती असो," आजी स्वतःच म्हणाल्या, हळू. एकट्याच.

मग त्या आपल्या खुर्चीवर बसल्या नाहीत. रांगांमधून वाट काढत माझ्याकडे आल्या आणि बाजूच्या मोकळ्या खुर्चीत बसल्या. मला बोंबलांचा वास आला. पास्टरांनी गळा साफ करून गाणं सुरू केलं, सगळे उठले, आम्हीही उठलो. माझी पर्स खांद्यालाच होती. मी दात आवळून उभी राहिले. शब्द सगळे येत होते, नगरपासून पाठ होते, पण तोंड उघडेना.

आजी गात होत्या. बेसूर, आणि फार मोठ्यानं. पुढच्या रांगेतल्या एकदोघांनी मागे वळून बघितलं. एका म्हातारीला एवढ्या मोठ्यानं गायची काय गरज, असं त्यांना वाटलं असेल. दोघींचं गाणं चाललंय, हे त्यांना कुठून कळणार. मी गाणं संपेपर्यंत तिथेच उभी राहिले.